चावडीच्या दगडावरचा सातवा

पासली,
ता. ३ जानेवारी १९२३

हैबती भावजींना वैनीचा, धोंडाबाईचा रामराम.

अक्षर मास्तरांचं हाय, बोल माझं हायेत. शुद्ध करू नगा, म्या बोलंन तसंच लिवा, असं त्यांना पैलंच बजावलंय.

हितं आपल्या गवळीवाड्यावर समदी बरी हायेत. तुमच्या चुलतीचा, आत्याबाईंचा गुडघा दुखतोय, तरी म्हशींमागं त्याच जात्यात. म्या गेले की म्हशी दूध चोरत्यात म्हनं.

कारन असं की गेल्या बाजाराच्या दिशी पाटलानं दवंडी दिली. मोठ्या लढाईला गावातनं जी मानसं गेली त्यांचा दगड चावडीच्या भिताडात बसवायचा हाय. वरनं हुकूम आलाय. नावं कोरायची न्हाईत, नुस्ता आकडा. गेले किती अन मेले किती. पाटलानं यादी वाचून दाखिवली. गेले सत्तावीस. त्यात तुमच्या भावाचं नाव व्हतं (नाव म्या घेत न्हाई, मास्तर लिवत्यात: बिरू). मंग परत आलेली वीस वाचली, त्यात तुमी. मंग मेलेली सा. त्यात ह्यांचं नाव न्हाई. म्या बोटांवर मोजलं. वीस आन सा सव्वीस. एक मानूस कमी पडतंया.

पाटलाला इचारलं तर म्हनला, "बाई, तुझ्या दादल्याच्या नावापुढं 'ठावठिकाना न्हाई' असं आलंय. त्याला म्या कुठं घालू?"

भावजी, आता तुमास्नी आडपडदा न ठेवता सांगते. माझा बा पानशेतच्या अंगाला एक ठिकान बघून आलाय. सोनबा म्हून गवळी हाय, आपल्यातलाच. त्याची बायकू बाळंतपनात गेली, एक पोर हाय मागं. पन पंच म्हनत्यात, नवरा लढाईत गायब झाला असंल तर बारा वर्सं वाट बघायची. न्हाईतर सरकारनं त्याला मेला म्हून मोजला पायजे, मंगच पाट लावाया मोकळी. आता कुठं सहावं वरीस चाललंय. बारा वर्सं सरल्यावर मला कोन करनार?

तुमी त्यांच्यासंगं व्हता. कचेरीत पट्टेवाले हायसा, यादी तुमच्याच कचेरीतनं पुढं जानार. तेवढं लिवून द्या की हा मानूस मेला. शिमग्याला यादी बंद व्हनार हाय. आत्याबाईंना हे पत्र ठाव न्हाई.

धोंडाबाई


भोर,
ता. १४ जानेवारी १९२३

सौभाग्यवती वैनीस हैबतीचा रामराम.

पत्र पोचलं. चुलतीचा गुडघा दुखतोय हे वाचून वाईट वाटलं. निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा.

यादीचं लिहिलं ते समजलं. पण कचेरीचं काम वाटतं तसं सोपं न्हाई. जो सांगतो मेला, त्यानं डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. मी बघितलं न्हाई. बिरूदादा तिकडं बसऱ्याच्या मुलखात अमाऱ्याला आजारी पडला आणि मला पुढं धाडलं, एवढंच मला ठाऊक. तेच मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. न बघितलेलं बघितलं म्हणून कसं लिहून देऊ? आणि उद्या दादा दारात उभा राहिला तर?

थोडं थांबावं. इथं साहेब बदलायचा आहे. नवा साहेब आला की विचारीन.

हैबती


पासली,
ता. २५ जानेवारी १९२३

हैबती भावजी,

मला सौभाग्यवती लिवू नगा. मास्तरांनी वाचलं तसं अंगावर पाल पडल्यागत झालं. त्यांना इचारलं, मंग काय लिवत्यात? ते म्हनले, नवरा नसंल तर गंगाभागीरथी. ते बी नगं. ना धड ही, ना धड ती. नुस्तं धोंडाबाई लिवत चला.

तुमी लिवलं, दादा दारात उभा राहिला तर. भावजी, सहा वर्सांत कागदाचा चिटोरा न्हाई. मानूस जित्ता असता तर म्हशींचं तरी इचारलं असतं.

म्या रातंदीस इचार करते, तुमचा हात का अडतोय. मला वाटतंया तुमी आन आत्याबाई एकच. घरातलं कामाचं मानूस घरात ऱ्हावं. न्हाईतर दुसरं काय तरी असंल. वाड्यावरच्या बाया म्हनत्यात, दिराला आपल्या भावजयीशी पाट लावता येतो, हैबती म्हून गप बसलाय. तसं मनात असंल तर उघड बोला. माझं उत्तर आत्ताच देते, न्हाई. तुमी वाईट हायसा म्हून न्हवं. दसऱ्याला आला व्हता तवा आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत नव्हता, ताट पुढं आलं तर दुसरीकडं जेवलोय म्हनला. असल्या मानसापाशी म्या कशी नांदू?

आत्याबाईंना कळलं. शेजारच्या सगुणाबाईनं जाऊन सांगितलं. काल त्या चावडीवर उभ्या राहून पाटलाला म्हनल्या, "माझ्या पोराला मेल्यात घातलंस तर त्यो दगड म्या पहारीनं फोडीन." घरी आल्यावर लोन्याचं गाडगं घेऊन घाट उतरून एकल्याच महाडच्या बाजाराला गेल्या. गुडघा तसला.

म्या दोनदा वेल्ह्याला चालत जाऊन आले. तितला कारकून म्हनतो, भोरला जा. तुमी म्हनता, थांबा. समदं जग म्हनतंया थांबा.

धोंडाबाई

ता.क. — हे चार शब्द माझे, शिक्षक या नात्याने. यादी शिमग्याआधी बंद होणार हे खरे आहे. दोन इसमांची जबानी जुळली तरी कचेरी मान्य करते, प्रत्यक्ष पाहणारा एकच असला तरी चालते, असे मी चौकशीअंती समजून घेतले आहे. बाई फार अस्वस्थ आहे. आपण काही जाणत असाल तर लपवू नये.


भोर,
ता. ५ फेब्रुवारी १९२३

धोंडाबाई वैनी,

तुमच्या मनात पाटाचं आलं ते खोटं आहे. तसं कधी मनात आणलं न्हाई. चुलतीला मदत म्हणून तुमाला अडकवून ठेवावं, तेही न्हाई. देवाशपथ.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. लिहायला मला बसऱ्याला एका शिपायानं शिकवलं. तेव्हा वाटलं, घरी कागद लिहायला उपयोग होईल. आता लेखणी धरली की बोटं अवघडतात. कचेरीत साहेबानं हाक मारली तरी मला ऐकू येत न्हाई, परवा शिव्या खाल्ल्या. यादीचा कागद रोज टेबलावर दिसतो. मीच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो.

एक माणूस आहे. मानसिंग नावाचा. अमाऱ्याच्या इस्पितळात डोलीवाला होता, आजारी माणसं डोलीत घालून न्यायचं त्याचं काम. मी त्याला एकदाच बघितलं. आपल्या मावळातलं बोलणं ऐकून मी विचारलं होतं, कुठला? तर म्हणाला, पानशेतकडचा. तो जिवंत असला तर त्याला ठाऊक असणार.

मी रजा मागितली आहे. मिळो न मिळो, जाणार.

हैबती


भोर,
ता. २२ फेब्रुवारी १९२३

धोंडाबाई वैनी,

मास्तर, हे पत्र सगळं वाचावं. मधलं गाळू नये.

मानसिंग भेटला. पानशेतकडं विचारत विचारत दोन दिवस चालून त्याच्या गावी पोचलो. खळ्यावर पेंढ्या रचत होता. त्यानं मला ओळखलं न्हाई. मी म्हणालो, अमाऱ्याला पटकीच्या तंबूपाशी आपण बोललो होतो. तेव्हा त्यानं हातातली पेंढी खाली टाकली.

"तू त्यो खेचरवाला न्हवं? कारकुनानं तुला इचारलं, ह्यो आजारी मानूस तुझा कोन? तर तू म्हनलास, कोनी न्हाई."

मी म्हणालो, "व्हय, त्योच."

"मंग व्हता कोन?"

"चुलतभाऊ. बिरू."

मानसिंग पेंढ्यांवर खाली बसला.

वैनी, मला पुढं धाडलं असं मी सांगत आलो. ते खोटं. झालं ते असं. आमा दोघांना रजा मिळाली होती. आगबोटीनं बसऱ्याकडं निघालो, तिथून पुढं घरी. वाटेत दादाला पटकी झाली. अमाऱ्याला उतरवला तेव्हा त्याची वाचा गेली होती. गळ्यातला नंबराचा बिल्ला त्या घाणीत कुठं पडला कळलं न्हाई. कारकून कागद घेऊन आला आणि म्हणाला, ह्याच्या बरोबरचा जो असेल त्यानंही पंधरा दिवस तंबूत राहायचं. त्या तंबूतून डोल्या बाहेर येताना मी बघत होतो. आगबोटीनं भोंगा दिला. मी म्हणालो, हा माझा कोणी न्हाई, ह्याचं नाव गाव मला ठाऊक न्हाई.

दादाचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडं बघत होता.

कारकुनानं कागदावर लिहिलं, नाव न्हाई, गाव न्हाई. मी बोटीत चढलो.

तुमाला तार आली न्हाई, 'ठावठिकाणा न्हाई' असं आलं, ते ह्यामुळं. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई.

मानसिंग म्हणाला, दादा चौथ्या दिवशी पहाटे गेला. मधे एक दिवस त्याला वाचा आली होती. ह्यानं नाव विचारलं तर सांगितलं न्हाई. नुसता हाका मारत होता, "बगळे, हो बगळे, हो हो." मानसिंगला वाटलं बायकोचं नाव असेल. मग त्यानं आणि पाणी वाहणाऱ्या एका भिस्त्यानं नदीकाठाला मूठमाती दिली.

परवा मी त्याला घेऊन भोरला आलो आणि काल आमा दोघांच्या जबान्या झाल्या. मी सांगितलं, तो आजारी माणूस बिरू होता. त्यानं सांगितलं, तो आजारी माणूस मेला. साहेब मला म्हणाले, "तेव्हा खोटं बोललास, मग आज खरं बोलतोस कशावरून?" मानसिंगच म्हणाला, "साहेब, कोन आपल्या तोंडानं स्वतःला असं काळं फासून घेईल?" त्यानं हाकांचंही सांगितलं. पण कारकुनानं ते लिहून घेतलं न्हाई. म्हणाला, याची जरूर न्हाई.

दगडावर आता सात येतील.

चुलतीला हे सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. मला तिच्यापुढं उभं राहायला तोंड न्हाई.

हैबती


पासली,
ता. ७ मार्च १९२३

हैबती,

आज भावजी म्हनवत न्हाई.

मास्तर मधी थांबले. म्या म्हनलं, वाचा. ते म्हनले, पानी पिऊन येतो. म्या म्हनलं, आधी वाचा.

तुमी आलात तवा आत्याबाईंनी तुमची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली व्हती. माझा न्हाई तर न्हाई, धाकल्या जावंचा तरी परत आला म्हनल्या. ती काढताना तुमी मान खाली घालून उभे व्हता. म्या दारातनं बघत व्हते. मला वाटलं, भावासाठी रडतोय.

मास्तर आपल्या मनानं लिवाया लागले व्हते, की झालं गेलं, तुमास्नी माफ केलं. म्या त्यांना खोडाया लावलं. तसं काय म्या म्हनले न्हाई.

घरी आले. आत्याबाई धार काढत व्हत्या. म्या हुबं राहूनच समदं सांगितलं. त्यांनी मान बी वर केली न्हाई. म्हनल्या, "त्यो हैबत्या खोटं बोलतोय. तुला पानशेतला जायाचं हाय म्हून त्यानं रचलं." मंग म्या म्हनलं, शेवटाला ते बगळे, बगळे करत व्हते म्हनं. बगळी कोन ते मला ठाव न्हाई.

आत्याबाईंच्या हातनं चरवी सुटली. समदं दूध शेनात गेलं.

बगळी त्यांच्या म्हायेरची म्हस. लगनात बापानं संगं दिली व्हती, कपाळाला पांढरा टिक्का व्हता. हे पाच वर्सांचे असताना ती कड्यावनं पडून मेली. मास्तर, म्या तवा जल्मले बी नव्हते. तुमालाही ठाव नसंल हैबती, तुमी पाळन्यात असाल. ते नाव आता फकस्त ह्या म्हातारीलाच ठाव व्हतं.

त्या दिशी त्या काय जेवल्या न्हाईत. दुसऱ्या दिशी सकाळी मला म्हनल्या, चल. वढ्यावर नेलं. माझा हात दगडावर धरला आन आपल्या हातानं बांगड्या फोडल्या. एक काच माझ्या मनगटात घुसली, ती दातानं काढली. मंग मला म्हनल्या, "सहा वर्सं तुला म्या धरून ठिवली. जा आता."

म्या तवा रडले. त्याच्या आधी रडले नव्हते.

धोंडाबाई


पासली,
ता. २३ मार्च १९२३

हैबती भावजी,

पाडव्याच्या दुसऱ्या दिशी दगड बसला. तुमी येताल असं मास्तरांना वाटत व्हतं. मला वाटत नव्हतं.

चावडीफुडं मांडव घातला व्हता. भोरहून कुनी रावसाहेब आले व्हते, डोक्याला पागोटं, अंगात काळा कोट. सनई-ताशा वाजला. परत आलेली मानसं एका अंगाला हुबी केली, कुनाच्या छातीवर बिल्ला, कुनाचा हात न्हाई. आमी बाया पारापाशी बसलो. रावसाहेब लई बोलले. म्हनले, ह्या गावानं नाव राखलं. मंग दगडावरचं फडकं काढलं, हार घातला. मास्तरांनी वाचून दाखिवलं. ह्या गावातनं सत्तावीस इसम महायुद्धास गेले. पैकी सात कामास आले.

आत्याबाई उठल्या. पाटील म्हनला, बस म्हातारे. त्या बसल्या न्हाईत. सरळ दगडापाशी गेल्या आन कोरलेल्या अक्षरांवर हात ठिवला. त्यांना वाचता येत न्हाई. रावसाहेबांना म्हनल्या, "साहेब, ह्या सातातला माझा कंचा?"

रावसाहेब पाटलाकडं बघाया लागले. पाटील मास्तरांकडं. मंग बाळाबाई हाय ना, जिचा भिमा तिकडंच गेला, ती पारावरनं म्हनली, "सारजाबाई, नावं न्हाईत त्याच्यावर. जिला जो वाटंल तिनं त्यो धरावा." काही बाया हसल्या, काही रडल्या. आत्याबाईंनी हात तसाच ठिवला. सनई पुन्यांदा वाजाया लागली तरी तसाच.

पंचांनी मला मोकळं केलं. अखितीच्या सणाआधी पाट लागंल. सोनबा येऊन गेला. पोरीला संगं घेऊन आला व्हता. लई बोलत न्हाई. पोरगी माझ्या मांडीवर बसली न्हाई, पन लुगड्याचा पदर धरला.

आता एक निरोप हाय. माझा न्हवं, आत्याबाईंचा. त्या मास्तरांच्या दाराशी येऊन सोता बोलल्या, त्या बोलल्या तसंच लिवते:

"हैबत्याला लिव. सून चालली. म्हशी आट हायेत, माझा गुडघा गेलाय. भोरला साहेबाचा डबा वागवत बसू नगं म्हनावं. तितं परक्या मुलखात म्हनलास ना, ह्यो माझा कोनी न्हाई. मंग हितं आपल्या गावात, समद्यांच्या म्होरं येऊन सांग, ही म्हातारी तुझी कोन."

म्या म्हनलं, आत्याबाई, त्यांना माफ केलं असं लिवू का? तर म्हनल्या, "म्या त्याला कामाला बोलावतीया. तेवढंच लिव."

धोंडाबाई


पानशेत,
ता. ९ जानेवारी १९२४

हैबती भावजींना धोंडाबाईचा रामराम.

हितल्या कुलकर्ण्याकडनं लिवून घेते. ह्यो मास्तरांसारखा न्हाई, म्हनतो बाई लवकर आटप.

तुमी वाड्यावर ऱ्हाया गेलात हे माझ्या बानं सांगितलं. अखितीच्या बाजारात चावडीफुडं हुबं राहून तुमी समद्यांदेखत काय झालं ते सांगितलंत, ते बी कळलं. लोक थुंकले म्हनं. बाळाबाईनं हातातलं खेटार उगारलं म्हनं. तरी तुमी माघारी गेला न्हाईत.

माझं बरं चाललंय. पोरगी आता आई म्हनती. फुडल्या म्हयन्यात मला बी व्हईल. हितं नदीकाठाला लई चारा हाय, म्हशी सुखात हायेत. तरी मन लागत न्हाई. मधीच धार काढताना वाटतं, तिकडं आत्याबाईंना ऊन पानी कोन तापवून देत असंल. सोनबा म्हनतात, जाऊन बघून ये. पन ह्या दिसांत घाट चढवत न्हाई.

आत्याबाई तुमच्याशी बोलत्यात का? खरं लिवा. अर्दं लिवलंत तर मला कळतंया आता.

धोंडाबाई


पासली,
ता. ३ फेब्रुवारी १९२४

धोंडाबाई वैनी,

खरं विचारलं, खरं लिहितो. बोलत न्हाई.

दहा महिने झाले. मी पहाटे उठून म्हशी सोडतो, पाण्यावर नेतो. परत येतो तर चुलीपाशी भाकरी झाकून ठेवलेली असते. वाढायला म्हणून ती कधी बसली न्हाई. पावसाळ्यात मला ताप भरला तेव्हा उशाशी काढ्याची वाटी आली, कोणी ठेवली ते मी बघितलं न्हाई. म्हशींशी बोलते. माझ्याबद्दल काही सांगायचं असलं तरी म्हशीलाच सांगते. "ह्याला सांग, रेडकाचं दावं सैल झालंय." मी दावं आवळतो.

लोणी घेऊन महाडला मीच जातो. गुडघा आता तिला ओट्यावरून उतरू देत न्हाई. उन्हात बसून म्हशी मोजते. आठाच्या नऊ झाल्या, तुमी गेल्यावर मोरी म्हैस व्याली. चुलतीनं रेडकाच्या कपाळावर हात फिरवून बघितला. पांढरं काही नव्हतं. मग सोडून दिलं.

कधी कधी वाटतं भोरला परत जावं. तिथं निदान साहेब शिव्या देतो. इथं रात्री पडलो की ती आतल्या खोलीत जागी असते, मी बाहेर जागा असतो, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. दोनदा गाठोडं बांधलं. दोनदा सोडलं.

परवा एक गोष्ट झाली म्हणून हा कागद. पाटील घरं मोजत वाड्यावर आला, घरपट्टीचं काहीतरी आहे. प्रत्येक दाराशी थांबून विचारत होता, घरात माणसं किती. आमच्या दाराशी आला. मी गोठ्यात शेण काढत होतो. पाटलानं मला बघितलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "सारजाबाई, घरात मानसं किती लिवू? एक का?"

मी फावडं धरून उभा राहिलो. आकडा सांगायचा हक्क माझा न्हाई.

चुलती ओट्यावर बसली होती. तिनं पाटलाकडं बघितलंच न्हाई. मग म्हणाली, "दोन लिव."

पाटलानं लिहून घेतलं आणि पुढच्या दाराला गेला. मी राहिलेलं शेण काढलं.

बाळंतपण नीट होवो. झालं की कळवा. मी चुलतीला वाचून दाखवीन, ती ऐकते.

हैबती